पेपर, सायटेशन आणि एच-इंडेक्स: जैववैद्यकीय संशोधकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकडे काढायचे म्हटले की सुरुवात कुठून करायची?

आधी पेपरांची यादी, मग आकडे. सायटेशनचे (दुसऱ्या पेपरने आपल्या संदर्भयादीत तुमचा पेपर देणे) बहुतेक घोळ गणितात नसतात, यादीत असतात. नावसाधर्म्यामुळे आलेले परके पेपर, आडनाव बदलल्यामुळे दुभंगलेली प्रोफाइल, एकाच पेपरच्या दोन नोंदी हे नेहमीचे. म्हणून एक साधी स्प्रेडशीट करा आणि प्रत्येक पेपरला एक ओळ द्या. रकाने असे ठेवा: डीओआय (पेपरचा कायमचा डिजिटल क्रमांक), पीएमआयडी (पबमेड या जैववैद्यकीय पेपरांच्या सूचीतला क्रमांक), वर्ष, जर्नल, पेपरचा प्रकार (मूळ संशोधन, रिव्ह्यू, केस रिपोर्ट, पत्र, संपादकीय), लेखकयादीतले तुमचे स्थान, एकूण लेखक, आणि करस्पॉन्डिंग ऑथर (पेपरबद्दलचा पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक) तुम्ही आहात का.

जर्नलच्या पुरवणी अंकात आलेले परिषदांचे ॲबस्ट्रॅक्ट वेगळ्या शीटवर ठेवा. ते पेपरांत मिसळून संख्या फुगवली की तपासणारा माणूस उरलेल्या यादीकडेही संशयाने पाहू लागतो.

ऑर्किड काढलाच पाहिजे का?

हो, आणि एकच काढा. २०१२ साली सुरू झालेला, संशोधकाची ओळख पटवणारा हा सोळा चिन्हांचा क्रमांक नाव, आडनाव, संस्था काहीही बदलले तरी तोच राहतो. शेवटचे चिन्ह तपासणी अंक असल्यामुळे काही जणांच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एक्स’ येतो. ती टायपिंगची चूक नव्हे.

क्रमांक नुसता काढून भागत नाही. पेपर पाठवताना तो जर्नलच्या सबमिशन फॉर्ममध्ये लॉगिन करून जोडा आणि ऑर्किडमध्ये क्रॉसरेफला (डीओआय नोंदवणारी संस्था) आपोआप नोंद करण्याची परवानगी द्या. मग नवे पेपर छापून आल्यावर बहुतेक वेळा आपणहून यादीत येतात. जुने पेपर ‘युरोप पीएमसी’ किंवा ‘क्रॉसरेफ’च्या जोडणीतून एकदम घेता येतात. चुकून दोन ऑर्किड झाले असतील तर एकात लॉगिन करून अकाउंट सेटिंगमधून दुसरा काढून टाका. ऑर्किड सायटेशन मोजत नाही. तो फक्त ‘हे पेपर कोणाचे’ एवढे सांगतो.

पबमेडवर माझे पेपर नीट कसे शोधायचे?

आडनाव आणि आद्याक्षर टाकून शोधले तर नाव सामान्य असल्यास शेकडो परके पेपर येतात. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये ‘ऑथर – आयडेंटिफायर’ हे फील्ड निवडून ऑर्किड टाका. पण ज्या पेपरांत जर्नलने तुमचा ऑर्किड पाठवलाच नव्हता ते यात दिसणार नाहीत. त्यामुळे दुसरा शोध नाव आणि संस्थेचे नाव असा घ्या आणि दोन्ही निकाल जुळवा. पबमेड हे एच-इंडेक्स (निदान ‘एच’ इतकी सायटेशन मिळालेले ‘एच’ पेपर; रीत पुढे येते) काढण्याचे ठिकाण नाही. तिथून पीएमआयडींची यादी उतरवायची, मोजणी दुसरीकडे करायची.

एकाच पेपरला गुगल स्कॉलरवर १२०, स्कोपसवर ८५ आणि वेब ऑफ सायन्सवर ७८ सायटेशन. खरा आकडा कोणता?

तिन्ही खरे. प्रत्येकाची जाळी वेगळी आहे. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस हे सायटेशन मोजणारे डेटाबेस निवडलेली जर्नल घेतात. गुगल स्कॉलर हे शोधयंत्र प्रबंध, प्रीप्रिंट (समीक्षेआधीच खुले केलेले पेपर), पुस्तके, संस्थांच्या साइटवरच्या पीडीएफ, सगळेच ओढते, म्हणून त्याचा आकडा बहुधा सर्वांत मोठा असतो. त्यात एकच सायटेशन दोनदा मोजले जाण्याचे प्रकारही होतात.

जुन्या पिढीतल्या संशोधकांसाठी आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. स्कोपसमध्ये संदर्भयाद्या साधारण १९७० पासूनच्या आहेत, तर वेब ऑफ सायन्सची विज्ञान सूची १९०० पर्यंत मागे जाते. मात्र तुमच्या संस्थेने किती मागच्या वर्षांचे सदस्यत्व घेतले आहे त्यावर वेब ऑफ सायन्समध्ये दिसणारी पेपरांची यादी ठरते. त्यामुळे दोन संस्थांत बसून एकाच माणसाचा एच-इंडेक्स काढला तर तो वेगळा येऊ शकतो.

नियम साधा आहे: एका अर्जात एकच स्रोत. पेपरांची संख्या स्कोपसची आणि सायटेशन गुगल स्कॉलरची, असा गोळा करू नका.

गुगल स्कॉलर प्रोफाइलमध्ये दुसऱ्या कुणाचे पेपर आले आहेत. काय करू?

प्रोफाइल उघडा, परक्या पेपरांसमोरची चौकट निवडा आणि ‘डिलीट’ करा. एकाच पेपरच्या दोन नोंदी असतील (बहुतेक वेळा एक प्रीप्रिंट आणि एक छापील) तर दोन्ही निवडून ‘मर्ज’ करा. मर्ज करताना डीओआय असलेली, जर्नलचे नाव बरोबर असलेली नोंद मुख्य म्हणून ठेवा.

मग मूळ कारण बंद करा. अधिक चिन्हाच्या मेनूत ‘कॉन्फिगर आर्टिकल अपडेट्स’ आहे. तिथे आपोआप भर घालण्याऐवजी ईमेलने विचारण्याचा पर्याय निवडा. हे न केल्यास साफ केलेली यादी काही महिन्यांत पुन्हा बिघडते. नावात एकच आद्याक्षर आणि प्रचलित आडनाव असेल तर हमखास.

स्कोपसमध्ये माझ्या नावाच्या दोन प्रोफाइल आहेत.

संस्था बदलली, आद्याक्षरे वेगळी छापली गेली किंवा विषय पालटला की असे होते. स्कोपसच्या ऑथर फीडबॅक विझार्डमध्ये दोन्ही प्रोफाइल निवडून एकत्र करण्याची विनंती करा. त्याच वेळी पेपरांची यादी दाखवली जाते. तुमच्या नसलेल्या पेपरांवर तिथेच नकार द्या. आपोआप काही होत नाही, काही दिवस जातात, म्हणून अर्जाच्या आदल्या रात्री हे काम काढू नका.

दोन प्रोफाइल असल्याचा फटका मोठा असतो. समजा एकीत एच-इंडेक्स ९ आणि दुसरीत ७ आहे. एकत्र झाल्यावर सहसा १६ होत नाही. पेपर आणि त्यांची सायटेशन पाहून तो ११ किंवा १२ असा काहीतरी येतो. बेरीज करून १६ लिहिणारे अर्ज येतात, आणि ते लगेच पकडले जातात.

एखाद्याने माझा पेपर उद्धृत केला आहे, पण तो मोजलेला दिसत नाही.

बहुधा त्याच्या संदर्भयादीत तुमच्या पेपरचे वर्ष, खंड किंवा पान चुकले आहे. वेब ऑफ सायन्समध्ये ‘साइटेड रेफरन्स सर्च’ उघडा. लेखक, जर्नलचे संक्षिप्त नाव आणि वर्ष टाका. वर्षाच्या मागेपुढे एक-एक वर्ष घ्या. एकाच पेपरची चार-पाच रूपे दिसतील. कुठे पान चुकलेले, कुठे खंडाच्या जागी अंक पडलेला. त्यातली चुकीची रूपे टिपून ‘डेटा करेक्शन’चा फॉर्म भरा, दोन्ही पेपरांचे डीओआय आणि संदर्भयादीतला क्रमांक दिला तर दुरुस्ती लवकर होते.

उद्धृत करणारे जर्नल त्या डेटाबेसमध्ये घेतलेलेच नसेल तर मात्र तक्रार करून उपयोग नाही.

एच-इंडेक्स नेमका कसा काढतात?

भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये तो मांडला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा आणि क्रमांक सायटेशनपेक्षा मोठा होण्याआधी थांबा. समजा नऊ पेपरांची सायटेशन अशी आहेत: ४८, ३३, २०, ११, ९, ७, ६, ३, ०. सहाव्या पेपरला ७ आहेत, म्हणजे सहापेक्षा कमी नाहीत. सातव्याला ६ आहेत, म्हणजे सातपेक्षा कमी. एच-इंडेक्स ६.

आता याच यादीकडे नीट पाहा. सातव्या पेपरला आणखी एकच सायटेशन मिळाले की इंडेक्स ७ होतो. पण ७ चा ८ व्हायला सहाव्याला एक, सातव्याला एक आणि आठव्याला पाच, अशी सात सायटेशन नेमक्या त्या तीन पेपरांना लागतात. पहिल्या पेपरची ४८ ची ४,८०० झाली तरी इंडेक्स जागचा हलत नाही. म्हणजे हा आकडा सातत्य दाखवतो, शिखर दाखवत नाही. याच यादीत एकूण सायटेशन १३७, सरासरी १५.२ आणि मध्यक ९ येतो. गुगल स्कॉलरचा आय-टेन इंडेक्स, म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर, ४ येतो. चार आकडे, चार वेगळी चित्रे. मला विचाराल तर सरासरीपेक्षा मध्यक द्या, कारण एक गाजलेला पेपर सरासरीला कुठल्या कुठे नेतो.

एच-इंडेक्स कधीच कमी होत नाही असे सांगितले जाते. सायटेशन परत घेतली जात नाहीत म्हणून ते बहुतांशी खरे. पण प्रोफाइल साफ केली किंवा डेटाबेसने एखादे जर्नल काढून टाकले तर तो खालीही येतो.

किती एच-इंडेक्स चांगला?

वय आणि विषय सांगितल्याशिवाय याला उत्तर नाही. कर्करोग किंवा रोगप्रतिकारशास्त्रात संशोधकांची संख्या प्रचंड, संदर्भयाद्या लांब, म्हणून सायटेशन भराभर साठतात. शरीररचनाशास्त्र, परजीवींचे वर्गीकरण किंवा एखादा दुर्मीळ आजार यात तितक्याच तोलाचे काम निम्मी सायटेशनही मिळवत नाही. हर्श यांनी स्वतःच एच-इंडेक्सला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागण्याचा एक उपाय सुचवला होता. तुलना करायचीच तर त्याच उपविषयातल्या, त्याच सुमारास पहिला पेपर छापलेल्या लोकांशी करा. बाळंतपण, आजारपण किंवा निव्वळ रुग्णसेवेची वर्षे मधे असतील तर ती वर्षे भाजकातून वगळून तसे स्पष्ट लिहा.

इम्पॅक्ट फॅक्टर माझ्या पेपरबद्दल काय सांगतो?

जवळपास काहीच नाही. तो जर्नलचा आकडा आहे: मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना एका वर्षात मिळालेली सरासरी सायटेशन. युजीन गारफिल्ड यांच्या संस्थेतून तो रूढ झाला. आता क्लॅरिव्हेट ही कंपनी तो दर वर्षी जाहीर करते. समजा एका जर्नलने २०२२ मध्ये १२० आणि २०२३ मध्ये १३० मोजण्याजोगे लेख छापले, आणि २०२४ या एका वर्षात त्या दोन वर्षांच्या मजकुराला १,००० सायटेशन मिळाली. १,००० भागिले २५०, म्हणजे २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर ४.०.

यात एक खोच आहे. छेदात फक्त मूळ संशोधन आणि रिव्ह्यू धरतात. अंशात मात्र पत्रे, संपादकीये, बातम्या यांना मिळालेली सायटेशनही येतात. शिवाय सायटेशन कधीच समान वाटली जात नाहीत. थोडे पेपर बहुतांश सायटेशन खेचतात आणि बाकीचे सरासरीच्या खाली राहतात. टोकाचे उदाहरण ‘ॲक्टा क्रिस्टॅलोग्राफिका’च्या ए विभागाचे. २००८ मधला शेलेक्स या संगणक-प्रणालीवरचा एक पेपर इतका उद्धृत झाला की जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर सुमारे २ वरून जवळपास ५० वर गेला. त्या वर्षांत तिथे छापलेल्या इतर पेपरांचा दर्जा पंचवीसपट वाढला होता असे कुणी म्हणणार नाही.

याच कारणाने संशोधनाच्या मूल्यमापनावरच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने, ज्याला सगळे ‘डोरा’ म्हणतात, २०१३ मध्ये नेमणूक, बढती आणि निधीसाठी जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर व्यक्तीच्या कामाचे माप म्हणून वापरू नये असे म्हटले.

अर्जात ‘एकूण इम्पॅक्ट फॅक्टर’ असा रकाना आहे. बेरीज करून लिहू का?

रकाना असेल तर भरावाच लागेल, पण बेरजेला अर्थ नाही. सरासऱ्यांची बेरीज कशाचेच मोजमाप नसते. ती फक्त पेपर वाढले की वाढते. लिहिताना प्रत्येक पेपरसाठी कोणत्या वर्षाचा फॅक्टर घेतला ते नोंदवा: छापल्या वर्षाचा की सर्वांत ताजा. हे न लिहिता दोन्हीतला मोठा आकडा उचलणे ही या रकान्यातली सर्वांत सामान्य लबाडी आहे. खाली एक ओळ जोडून प्रत्यक्ष सायटेशनही द्या.

जर्नलच्या साइटवर इम्पॅक्ट फॅक्टर छापलेला आहे, तो खरा कसा ओळखायचा?

जर्नलच्या नावावरून नव्हे, आयएसएसएन या जर्नलच्या ओळख-क्रमांकावरून क्लॅरिव्हेटच्या ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मध्ये शोधा. मिळतेजुळते नाव घेतलेली आणि खऱ्या जर्नलची हुबेहूब साइट उभी केलेली बनावट जर्नल आहेत. फॅक्टरसमोर भलत्याच संस्थेचे नाव असेल किंवा नव्या कोऱ्या जर्नलला पहिल्याच वर्षी मोठा आकडा असेल तर तो सोडून द्या. २०२३ पासून जाहीर होणारा फॅक्टर एकच दशांश स्थळ दाखवतो, त्यामुळे ताज्या वर्षासाठी तीन दशांश स्थळे दिसली तरी शंका घ्या.

त्याच वर्षीपासून वेब ऑफ सायन्सच्या ‘इमर्जिंग सोर्सेस’ या उदयोन्मुख जर्नलांच्या सूचीतल्या जर्नलांनाही फॅक्टर मिळू लागला. ‘इम्पॅक्ट फॅक्टर आहे’ म्हणजे ‘मुख्य विज्ञान सूचीत आहे’ असे आता राहिलेले नाही.

विषयांतला फरक काढून टाकणारे माप आहे का?

दोन उपयोगी आहेत. स्कोपसचा फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट तुमच्या पेपरला मिळालेली सायटेशन त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या पेपरांच्या जागतिक सरासरीशी ताडतो. १.० म्हणजे सरासरी, १.५ म्हणजे दीडपट. पेपर वीस-पंचवीसच असतील तर एकाच गाजलेल्या पेपरने हा आकडा उसळतो.

जैववैद्यकीय माणसाने दुसरे माप जास्त वापरावे असे आमचे मत आहे: अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा रिलेटिव्ह सायटेशन रेशो, म्हणजे आरसीआर. तो २०१६ मध्ये मांडला गेला आणि ‘आयसाइट’ या साइटवर मोफत मिळतो. इथे विषय जर्नलवरून ठरत नाही. तुमच्या पेपरसोबत ज्या पेपरांना एकत्र उद्धृत केले गेले, त्यांचे जाळे हाच विषय. १.० म्हणजे एनआयएचच्या निधीतून झालेल्या मध्यक पेपराइतका प्रभाव.

वापरायला सोपे आहे. पीएमआयडींची यादी आयसाइटमध्ये चिकटवा. प्रत्येक पेपरचा आरसीआर, सगळ्यांचा मध्यक आणि बेरीज मिळते. फाइल उतरवून घ्या आणि आपल्या स्प्रेडशीटशी पीएमआयडीवरून जोडा. ‘ट्रान्सलेशन’ विभागात पेपर माणूस, प्राणी आणि पेशी-रेणू यांपैकी कुठे झुकतो ते आणि किती क्लिनिकल लेखांनी तो उद्धृत केला तेही दिसते. औषधचाचण्या आणि उपचार-मार्गदर्शिका यांतले एक सायटेशन कधीकधी शंभर सायटेशनपेक्षा बोलके असते, आणि ते इथे सापडते.

मर्यादाही आहेत. पबमेडबाहेरचे पेपर येत नाहीत, अगदी ताज्या पेपरांचा आकडा कच्चा असतो, आणि जीवशास्त्र व संगणकशास्त्र यांच्या सीमेवरचा पेपर जास्त सायटेशनच्या विषयातल्या पेपरांसोबत उद्धृत झाला तर त्याचा आरसीआर खाली ओढला जातो.

स्वतःचेच पेपर उद्धृत करणे चूक आहे का?

नाही. मागच्या पेपरात प्रतिपिंड कसे तपासले हे सांगायचे तर तोच पेपर द्यावा लागतो. प्रश्न प्रमाणाचा आहे. स्वतःची सायटेशन वगळून आकडा द्या, पण ‘वगळून’ म्हणजे काय ते पाहा. स्कोपसमध्ये फक्त तुमची किंवा सर्व सहलेखकांची सायटेशन वगळता येतात. वेब ऑफ सायन्सच्या सायटेशन रिपोर्टमध्ये, तुम्ही शोधून काढलेल्या संचातल्याच पेपरांनी केलेली सायटेशन वगळली जातात. गुगल स्कॉलरमध्ये अशी सोयच नाही.

लेखकयादीत मी मधे आहे. त्या पेपराचे पूर्ण सायटेशन माझ्या खात्यात धरायचे का?

डेटाबेस धरतात, पण वाचणारा धरत नाही. जैववैद्यकीय रिवाजाप्रमाणे पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळा चालवणाऱ्याचे. म्हणून पहिल्या, शेवटच्या आणि करस्पॉन्डिंग जागेवरच्या पेपरांचे आकडे वेगळे काढा. तुमच्या स्प्रेडशीटमधला ‘स्थान’ रकाना यासाठीच आहे. शेकडो लेखकांच्या रोगभार-अभ्यासांसारखे पेपर असतील तर ते धरून एक आणि वगळून एक, असे दोन आकडे द्या. ‘दोघांचे समान योगदान’ ही तळटीप डेटाबेसला कळत नाही. ती तुम्हालाच लिहावी लागते.

जास्त सायटेशन म्हणजे चांगले काम, एवढे तरी खरे ना?

तेवढेही नाही. सर्वाधिक उद्धृत पेपर म्हणून ज्याचे नाव घेतात तो १९५१ चा, प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरचा, लॉरी आणि सहकाऱ्यांचा. तीन लाखांहून अधिक सायटेशन, कारण पद्धत वापरली की संदर्भ द्यावाच लागतो. उपयुक्तता निर्विवाद आहे. पण म्हणून तो जीवशास्त्रातला सर्वांत मोठा शोध ठरत नाही.

उलट टोकाला १९८० मधले ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे पाच वाक्यांचे पत्र आहे. अफूजन्य वेदनाशामकांमुळे रुग्णालयात दाखल रुग्णांत व्यसन क्वचितच लागते, असे त्यात म्हटले होते. २०१७ मध्ये त्याच जर्नलात झालेल्या पडताळणीत ६०८ सायटेशन सापडली. त्यांतल्या बहुसंख्य लेखांनी पत्राचा आधार व्यसनाचा धोका कमी असल्याचा पुरावा म्हणून घेतला होता, आणि हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्ट तर जवळपास ऐंशी टक्क्यांनी गाळली होती. लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा १९९८ चा लॅन्सेटमधला पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्याला आजही सायटेशन मिळतात, त्यांतली कित्येक त्याचे खंडन करणारी. मोजणाऱ्या यंत्राला हा फरक दिसत नाही.

त्यामुळे निवडक पाच पेपरांसाठी तरी सायटेशन उघडून वाचा: कोणी, कशासाठी, कोणत्या वाक्यात उद्धृत केले.

रिव्ह्यू, प्रीप्रिंट, डेटासेट यांचे काय?

रिव्ह्यूंना मूळ संशोधनापेक्षा जास्त सायटेशन मिळतात, म्हणून दोन्हींचे आकडे एकत्र करू नका. बायोआर्काइव्ह किंवा मेडआर्काइव्हवरचा प्रीप्रिंट आणि छापील पेपर हे एकच काम. यादीत एकदाच धरा. स्कोपस प्रीप्रिंट प्रोफाइलमध्ये दाखवतो, पण एच-इंडेक्समध्ये मोजत नाही. डेटासेटचा ॲक्सेशन क्रमांक (संग्रहातला नोंद-क्रमांक) नुसता मजकुरात आला तर सायटेशन मोजले जात नाही. तो डीओआयसह संदर्भयादीत यायला हवा, आणि तसे करा असे डेटासेटच्या पानावरच लिहून ठेवा.

‘जगातल्या अव्वल दोन टक्क्यांत’ असल्याचा मान कोण देते?

मान नाही, ती एक यादी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या आकड्यांवरून ती काढतात. एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांनुसार दुरुस्त केलेला एच-इंडेक्स, आणि एकट्याने, पहिल्या व शेवटच्या स्थानावर लिहिलेल्या पेपरांची सायटेशन असे सहा घटक त्यात एकत्र होतात. यादी दोन असतात: पूर्ण कारकिर्दीची आणि एका वर्षाची. कोणत्या यादीत आहात आणि स्वतःची सायटेशन धरून की वगळून, हे न लिहिता केलेला दावा अर्धवट आहे.

समीक्षकाने त्याचेच पाच पेपर उद्धृत करायला सांगितले आहेत.

विषयाशी संबंध असलेले घ्या, बाकीचे का घेतले नाहीत ते संपादकाच्या उत्तरपत्रात प्रत्येकी एका वाक्यात नोंदवा. पाचही असंबद्ध असतील तर संपादकाला स्वतंत्र गोपनीय पत्र लिहा. दबावाखाली घातलेली सायटेशन पुढे तुमच्याच पेपरात छापील राहतात.

बायोडेटात आकडे कसे लिहावेत?

स्रोत आणि तारीख हवीच. नमुना: ‘स्कोपस, १५ मार्च २०२५. मूळ संशोधन ३१, रिव्ह्यू ४. पहिल्या किंवा शेवटच्या स्थानावर १८. सायटेशन ६४०, स्वतःची वगळून ५७२. एच-इंडेक्स १४. आयसाइट: मध्यक आरसीआर १.३, पीएमआयडी असलेले ३३ पेपर.’ याखाली तीन ते पाच पेपर निवडा आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा: काय सापडले, पुढे कोणी कशासाठी वापरले.

त्या दिवशीचे प्रोफाइलचे पान पीडीएफ करून आणि पेपरांची यादी सीएसव्ही स्वरूपात उतरवून फाइलसोबत ठेवा. सहा महिन्यांनी कुणी आकडा पडताळायला मागितला तर डेटाबेसवर तोच आकडा पुन्हा दिसणार नाही. सायटेशन वाढलेली असतील, आणि मधल्या काळात दुरुस्ती झाली असेल तर घटलेलीही.